सवतीचं पाणी

काफलगैर गावात खिमुलीइतकं पाणी दुसऱ्या कुठल्या बाईने वाहिलं नसेल, आणि तेही घराच्या डोक्यावर भरलेला नौला असताना. वर बांजाच्या झाडांखाली डोंगर पाझरतो. त्या पाझरावर एक दगडी खोली बांधलेली आहे, ठेंगण्या दारातून वाकून आत शिरलं की पायऱ्यांखाली पाण्याचं चौकोनी कुंड. हाच नौला. सारं गाव तिथून पाणी भरायचं. खिमुली मात्र तांब्याची घागर उचलायची आणि उलट्या दिशेने खाली घळीत उतरायची, जिथे खडकातून तळचा धारा, म्हणजे झरा, वाहत होता. जाताना गुडघे बोलायचे आणि येताना भरल्या घागरीने मान.

"खिमुली, तुला पाय आहेत की खेचराचे खूर?" शेजारची भागा शेतातून ओरडायची.

"म्हशीला तळचंच पाणी मानवतं," खिमुली सांगायची.

"एक म्हैस आणि दिवसाला एवढ्या घागरी? म्हैस पिते की न्हाते गं?"

"तुझ्या घरची न्हात नसेल. माझी न्हाते."

म्हशीचं नाव पुढे करून खिमुली तळचं पाणी का आणते, याचा अंदाज साऱ्या गावाला होता. वरच्या नौल्याचं नाव गोपुलीचा नौला, आणि गोपुली ही खिमुलीच्या नवऱ्याची पहिली बायको. जिवंत सवत असती तर खिमुली तिच्याशी कडाकडा भांडली असती, एखाद वेळी तिच्या झिंज्याही उपटल्या असत्या आणि शेवटी चुलीशी बसून तिच्याबरोबर चहा प्यायली असती. मेलेल्या सवतीचं काय करणार? ती म्हातारी होत नाही, तिच्या हातून भात करपत नाही, आणि वर गाव तिच्या पाया पडतं.

गोपुली गेली ती या तळच्या वाटेवरच. पौषातली सकाळ होती. घळीत जिथे ऊन पोचत नाही तिथे दगडावर दंव गोठलं होतं आणि तिच्या डोक्यावर भरलेली घागर होती. तेव्हा वर नौला नव्हता. सगळ्याच बायका खाली उतरायच्या आणि जीव मुठीत धरून वर यायच्या. तिचा नवरा दरबानसिंह पलटणीत होता, तो घरी पोचला तोवर चिता थंड झालेली. रडला नाही म्हणे. कुदळ घेऊन बांजाच्या वनात शिरला आणि जिथलं शेवाळ भर उन्हाळ्यातही हिरवं राहायचं ती जागा खणत बसला. पाणी लागलं. मग पलीकडच्या खोऱ्यातून मिस्त्री आणून त्याने नौला बांधून घेतला. मिस्त्री हौशी निघाला, त्याने दाराच्या खांबावर डोक्यावर घागर घेतलेली एक बाई कोरली. लोक म्हणाले, ही आपली गोपुली. दरबानसिंह हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, तेवढं नाव पडायला पुरलं.

नौला बांधून होतो न होतो तोच घरच्यांनी त्याचं दुसरं लग्न लावलं आणि खिमुली आली. काफलगैरची रीत अशी की नवी नवरी आली की सासूने तिला पाण्यावर न्यायचं. नवरीने तिथल्या दगडाला हळदीचा आणि पिठ्याचा, म्हणजे लाल कुंकवाचा, टिळा लावायचा, अक्षता वाहायच्या, लग्नातला कागदी मुकुट तिथेच ठेवायचा आणि ओंजळभर पाणी प्यायचं. जिने ज्या पाण्याची ओंजळ घेतली ती त्या पाण्याची झाली. मग जन्मभर तिच्या चुलीवर त्याच पाण्याचा भात. ते सोडून दुसरीकडे गेलं तर पाणी रुसतं आणि घरच्या माणसांवर राग काढतं, असं म्हाताऱ्या सांगत. आणि ज्या बाईने स्वतः ओंजळ घेतलेली नाही, तिला सुनेला त्या पाण्यावर न्यायचा हक्क नाही.

खिमुलीच्या वेळी मात्र सगळाच घोळ झाला. एक तर सासू आधीच वारलेली. त्यात नौल्याची प्रतिष्ठा व्हायची होती. प्रतिष्ठा होईपर्यंत ते पाणी देवाचं, माणसाने तोंड लावायचं नाही. एकाच खर्चात दोन्ही कामं होतील म्हणून नवरीची पूजा प्रतिष्ठेच्याच दिवशी उरकायचं ठरलं. पूजेला यजमानाशेजारी बायको लागते, म्हणून खिमुलीला बसवलं आणि तिच्या पिवळ्या पिछौड्याला, लग्नाच्या ओढणीला, दरबानसिंहाच्या उपरण्याची गाठ मारली. पिछौडा इतका कोरा होता की त्यावरचे लाल ठिपके मनगटाला रंग लावत होते. पुरोहिताने दरबानसिंहाच्या हातावर पाणी घातलं आणि विचारलं, "हे जलदान कुणाच्या नावे?"

"गोपुलीदेवीच्या," दरबानसिंह म्हणाला.

खिमुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाठ माझ्या पदराला आणि पुण्य तिच्या पदरात! त्या दिवशी गावातल्या साऱ्या बायका पिछौडे घालून आल्या होत्या. तळचा धारा सोडून वरच्या पाण्याला लागायचं म्हणून म्हाताऱ्यासुद्धा नव्याने नवऱ्या झाल्या, एकमेकींना चिमटे काढत ओंजळ प्यायल्या. खिमुलीनेही ओंजळ तोंडाला लावली. पण गिळली नाही. गाल घट्ट मिटून ती पूजेभर तशीच बसली, कुणी काही विचारलं तर मान हलवली, आणि परतताना किलमोड्याच्या काटेरी झुडपाआड जाऊन सगळं थुंकून टाकलं. दुसऱ्या दिवशी एकटीच तळच्या धाऱ्यावर गेली, स्वतःच्या हाताने दगडाला टिळा लावला आणि पोट दुखेपर्यंत पाणी प्यायली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

पुढे दरबानसिंह पलटणीतून कायमचा घरी आला. खिमुलीने त्याला सांगून टाकलं की तळचं पाणी गुरांचं आणि धुण्याचं, पिण्याचं मी वरून आणते, तुम्ही शेतात असता तेव्हा. तो बरं म्हणाला. दोन हंडे शेजारी शेजारी असायचे आणि दोन्हींत पाणी तळचंच. एकदा त्याचा पलटणीतला दोस्त मुक्कामाला आला. मडव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि भट नावाच्या काळ्या सोयाबीनची डाळ खाऊन त्याने तांब्याभर पाणी एका दमात संपवलं आणि डोळे मिटून म्हणाला, "वा भाऊ! गोपुलीवहिनींचं पाणी म्हणजे अमृत!" खिमुली चुलीकडे तोंड करून पदराआड हसली. तो दिवस तिचा फार छान गेला.

पण असे दिवस थोडे. रोज सकाळी दरबानसिंह खराटा घेऊन नौल्यावर जायचा, पायऱ्या झाडायचा, कुंडातली पानं काढायचा, वसंतात बुरांशाचं फूल ठेवायचा. खिमुलीच्या केसात त्याने जन्मात कधी फूल खोवलं नाही. हा माणूस तिथे जाऊन काय बोलतो, हे कळेपर्यंत तिला घास गोड लागेना. एकदा ती झाडांआडून त्याच्या मागे गेली आणि कान टवकारून उभी राहिली. दरबानसिंह पायरी घासत होता.

"शेवाळ," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "परत शेवाळ."

बस्स. आणखी काही नाही. दुसरी एखादी असती तर हसून घरी गेली असती. खिमुली मात्र दिवसभर धुमसत राहिली, कारण ज्या माणसाला घरात शब्द फुटत नाही तो तिथे निदान शेवाळाशी तरी बोलतो.

पूरनचा जन्म झाला तेव्हा तर कहर झाला. बारशाच्या दिवशी बाळंतिणीने पाणी पुजायचं असतं. बायका तिला वाजतगाजत वर घेऊन गेल्या आणि खांबावरच्या बाईला टिळा लावत चनुली आमा म्हणाली, "गोपुलीने दिला हो! मोठी आहे, धाकटीची ओटी भरली." चनुली आमा गावातली सर्वांत म्हातारी, तिच्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

"दिला म्हणे तिने!" खिमुली घरी येऊन नवऱ्यावर कडाडली. "नऊ महिने वाहिला मी, ओकाऱ्या काढल्या मी, आणि देणारी ती?"

"आमाचं वय झालंय," दरबानसिंह म्हणाला.

"आमाचं वय झालंय. त्या दगडातल्या बयेचं कधी व्हायचं?"

यावर तो उठून गोठ्यात गेला. उत्तर नसलं की तो नेहमी गोठ्यात जायचा, म्हणून त्यांचा गोठा फार नेटका असे.

अशी वर्षं गेली. पूरन मोठा झाला, खाली शहरात गाडी चालवायला लागला आणि मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं. मुलगी रेबती, डोंगरापलीकडच्या गावातली, हसरी, कामाला वाघीण. खिमुलीला ती बघताक्षणी आवडली. आणि आवडली त्याच क्षणी तिला गोपुली आठवली, कारण ही पोर घरात पाऊल टाकल्यावर पहिलं डोकं कुठे टेकणार, तर गोपुलीच्या पायाशी. नवरा तिच्या नावाने पाणी सोडून बसला, मुलगा तिने दिला, आता सूनही तिचीच? नाही. ही एक तरी माझी राहील. लग्नाची शिंगळं, रव्याची गोड वळी, तळता तळता खिमुलीने मनाशी पक्कं केलं.

वरात घरी आली. दुसऱ्या दिवशी ढोल-दमाऊ वाजवत बायका नवरीला घेऊन पाण्यावर निघाल्या. अक्रोडाच्या झाडाशी वाट फुटते, एक वर नौल्याकडे, एक खाली घळीत. सगळ्या सवयीने वर वळल्या. खिमुलीने रेबतीचं मनगट धरलं आणि ती खाली वळली.

ढोल थांबला. "अगं, कुठे?" भागाने विचारलं.

"तळच्या धाऱ्यावर. आमच्या घराची जुनी रीत तीच."

"जुनी रीत!" चनुली आमा काठी आपटत पुढे आली. "वर पाणी आल्यावर आम्ही सगळ्यांनी ते सोडलं. तूही सोडलंस. माझ्या डोळ्यांदेखत ओंजळ घेतलीस. मग सुनेला कुठे घेऊन निघालीस खाली?"

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण नव्या सुनेसमोर, व्याह्यांच्या बायकांसमोर, वीस-एक पिछौड्यांसमोर, मी लग्नाच्या दिवसांत झुडपाआड थुंकले होते, हे कोण सांगणार? आणि आतून तिला हेही ठाऊक होतं की हक्काने नेता येईल असं तिच्याजवळ पाणी एकच होतं, तळचं. तिने मान ताठ केली.

"मुलगा माझा, सून माझी. पाणी कुठलं ते मी ठरवीन."

 ढोलवाल्यांमागून आलेल्या पुरुषांच्या घोळक्यात दरबानसिंह उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा घातली. खिमुली सुनेला घेऊन घळीत उतरली. मागून जेमतेम चार बायका आल्या, त्यातल्या दोन व्याह्यांकडच्या. रेबतीने खडकाला टिळा लावला, मुकुट ठेवला, ओंजळ भरली आणि सरळ मनाने प्यायली. खिमुलीला तिच्या गळ्याची हालचाल दिसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला गोपुलीवर मात केल्यासारखं वाटलं. त्या आनंदात तिने ढोलवाल्यांना दुप्पट शिंगळं वाढली.

हा आनंद आठवडाभर टिकला. मग पूरन कामावर परतला आणि रेबतीने घागर उचलली. तिने आपली ओंजळ घेतली होती, तेव्हा ती रोज तळच्या धाऱ्यावर जाणार, हे ओघानेच आलं. पण खिमुलीने याचा विचारच केला नव्हता. तिने विचार केला होता तो सगळा गोपुलीचा. आता ती अंगणात उभी राहून बघायची, तर पोर भरली घागर डोक्यावर घेऊन घळीतून वर येतेय, एक हात घागरीला, एक कमरेवर, आणि गाणं म्हणतेय.

"गाणं नको म्हणूस त्या वाटेवर!" खिमुली ओरडायची. "पायाकडे बघ!"

"इजा, तुम्हीच तर इतकी वर्षं जाताय," रेबती हसून म्हणायची. सासूला ती इजा म्हणत होती, आईला म्हणतात तसं, आणि त्याने खिमुलीचा जीव आणखी खालीवर व्हायचा.

एका सकाळी सुनेच्या मागोमाग खिमुलीही घागर घेऊन निघाली, तर वाटेच्या सर्वांत वाईट वळणावर दरबानसिंह पहार घेऊन वाकलेला. तिरका झालेला दगड उपसून तो सपाट बाजू वर करून बसवत होता. शेजारी राखेची पाटी होती, दंवावर टाकायला आणलेली. त्याचे हात या कामाला सरावलेले दिसत होते. खिमुली थांबली. दर हिवाळ्याआधी या वाटेचे दगड आपोआप ठीकठाक कसे होतात, हे तिने कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. पंचायतीची माणसं करत असतील, असं धरून ती चालत आली होती.

"हे तुम्ही करता?"

"हं."

"कधीपासून?"

"तू आलीस तेव्हापासून. पलटणीत असताना सुट्टीत करायचो."

"म्हणजे घरात पाणी कुठलं हे तुम्हाला..."

"तळच्या पाण्यात वाळू असते," दरबानसिंह म्हणाला. "वरच्यात नसते. भांड्याच्या तळाशी दिसते की."

खिमुलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू आणखी खालचा धारा शोधला असतास." त्याने दगड पायाने दाबून बघितला. "तुझं मी समजू शकतो, पूरनच्या इजा. तुझं माझ्याशी भांडण आहे. पण त्या पोरीचं कुणाशी काय भांडण?"

एवढं लांब वाक्य तो त्यांच्या संसारात पहिल्यांदाच बोलला होता. खिमुलीने एरवी त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती नुसती पाणी भरून वर आली. पण मत्सर काय असा एका वाक्याने जातो? दुपारपर्यंत तिला पुन्हा सुचलं की गोपुलीसाठी त्याने आख्खा नौला बांधला आणि माझ्यासाठी वाटेतले दगड हलवले. त्या दिवशीही ती सुनेला काही बोलली नाही.

पौष लागला. एका सकाळी खिमुली गोठ्यात शेण काढत होती आणि घळीतून आवाज आला. तांब्याची घागर दगडांवरून गडगडत खाली जाते तो आवाज काफलगैरमधल्या कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि मग शांत. खिमुली शेणाच्या हातांनी धावली. वाटेत तिची चप्पल कुठे गेली तिला कळलं नाही. तोंडाने ती काय ओरडत होती तेही कळलं नाही, भागाने नंतर सांगितलं की "नको, हिला नको" असं ओरडत होती.

रेबती वळणाच्या खाली किलमोड्याच्या जाळीत अडकून बसली होती. हातापायांवर ओरखडे आणि एक घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. जाळी नसती तर थेट घळीच्या तळाशी गेली असती.

"इजा, घागर गेली हो खाली," ती रडत म्हणाली. "नवी होती."

खिमुलीने तिला छातीशी धरलं आणि स्वतःच हमसून हमसून रडली. दरबानसिंह आणि भागाने मिळून पोरीला वर आणलं. घोट्याला हळदीचा लेप लावून झाल्यावर खिमुली म्हणाली, "झालं एवढं पुरे. बरी झालीस की वरच्या नौल्यावर जायचं."

रेबतीचा चेहरा उतरला. "असं कसं? मी इथली ओंजळ घेतलीय. पाणी रुसलं आणि यांच्यावर राग काढला तर? हे दिवसरात्र घाटातून गाडी चालवतात." आणि मग हळूच म्हणाली, "मी नीट बघून जाईन, इजा. गाणं नाही म्हणणार."

हे ऐकून खिमुली उठली ती तडक चनुली आमाच्या ओट्यावर गेली. आमा उन्हात पाय पसरून बसली होती, शेजारी भागाही होती. खिमुलीने सगळं सांगितलं, ओंजळ, गाल, झुडूप, सगळं. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती.

आमा हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, भागाला तिची पाठ चोळावी लागली. "इतकी वर्षं! इतकी वर्षं खालीवर केलंस गं, एका चुळीपायी! आणि नाव घ्यायचीस त्या बिचाऱ्या म्हशीचं!"

"हसा," खिमुली म्हणाली. "हसून झालं की सांगा, पोरीला सोडवायचं कसं?"

आमाने डोळे पुसले. "सोडवायला काय, आम्ही सगळ्या नाही का सुटलो प्रतिष्ठेच्या दिवशी? वर नेऊन पुन्हा ओंजळ द्यायची. पण तिला तू नेणार. आणि तू आधी स्वतः पी, नवरी होऊन, पिछौडा घालून."

"मला कोण नेणार? माझी सासू कुठे आहे?"

"सासू नसेल तर घरातली मोठी नेते. तुझ्या घरात तुझ्याहून मोठी कोण?" आमाने काठीने वर नौल्याकडे दाखवलं. "ती तिथेच आहे. तू फक्त वर चढ."

"मी तिच्या पाया पडू?"

"नको पडूस. पाठव सुनेला खाली."

घोट्याची सूज उतरेपर्यंत खिमुली त्या एका वाक्याशी झुंजत राहिली. दिवसातून दहादा ठरवायची आणि दहादा मोडायची. भाकरी थापताना पुटपुटायची, भांडी आपटायची. मग एका सकाळी रेबतीने लंगडत लंगडत कोपऱ्यातली खिमुलीची जुनी घागर उचलली आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. खिमुलीने तिच्या हातून घागर हिसकली आणि लाकडी पेटी उघडली. पिछौडा तळाशी होता, पिवळा रंग विटून मातकट झालेला. तिने तो पांघरला, नाकात नथ अडकवली. छिद्र बुजत आलं होतं, डोळ्यांत पाणी आलं. दारात दरबानसिंह उभा होता.

"हसायचं काम नाही," ती म्हणाली.

"हसत नाही. येऊ बरोबर?"

"तुम्ही कशाला? आम्हा दोघींमध्ये तुमचं काही काम नाही."

तो बाजूला झाला.

भागाने रेबतीला आधार देत वर आणलं. गावातल्या बायका आपापल्या घागरी घेऊन आधीच जमल्या होत्या, बातमी पसरायला वेळ कितीसा लागतो. कुणी तोंडावर पदर धरून हसलं, कुणी "नवरीबाई, लाजा जरा!" म्हणालं. खिमुलीने कुणाला उलट उत्तर दिलं नाही, त्यामुळे हसणं लवकर संपलं. सुनेला बाहेर दगडावर बसवून ती एकटी पुढे गेली. दार ठेंगणं होतं. कितीही ताठ मानेची बाई असो, आत शिरायचं तर वाकावं लागायचंच.

आत ओल्या दगडाचा वास होता. बाहेरचे आवाज बंद झाले. खिमुलीने दाराच्या खांबाकडे बघितलं. इतक्या जवळून तिने त्या कोरीव बाईला कधी पाहिलंच नव्हतं. रोज टिळे लावून लावून तिचं तोंड पार झिजलं होतं, नाक नाही, डोळे नाहीत, फक्त डोक्यावरची घागर तेवढी शाबूत. खिमुलीने पिठ्याची वाटी काढली, पण हात पुढे होईना.

"ऐक," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला तू आवडत नाहीस. कधी आवडली नाहीस. माझ्या लग्नात माझ्या गाठीत तू बसलीस. माझ्या पोराला लोक तुझा म्हणाले. माझा नवरा तुझ्या पायऱ्या घासतो. मी जळले गं, जन्मभर जळले. आजही जळतेय. फक्त पोरीसाठी आलेय."

कुंडात वरून एक थेंब पडला. खिमुली पायरीवर बसली, ओंजळ भरली आणि डोळे मिटून गिळून टाकली. पाणी थंड होतं. वाळूचा कण नाही. आणि गोड होतं. तळच्या धाऱ्याला कधी आली नाही अशी गोडी त्याला होती. हे तिला सोसवेना. इतकी वर्षं हे घराच्या डोक्यावर होतं आणि मी प्यायले नाही. ती रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा ओंजळ भरून प्यायली.

बाहेरून रेबतीचा आवाज आला, "इजा, ठीक आहात ना?" कोवळा, घाबरलेला आवाज. गोपुली पडली तेव्हा तिचाही असाच असेल, खिमुलीच्या मनात आलं. आमा सांगायची, वीसचीही नव्हती. म्हणजे रेबतीएवढी. कदाचित तीही गाणं म्हणत येत असेल. तिच्यामागे "पायाकडे बघ" म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं जळले ती एवढ्याशा पोरीवर.

तिने बोटावर पिठ्या घेतला आणि खांबावरच्या झिजलेल्या कपाळावर टेकवला. मोठीला दीदी म्हणायचं असतं, ते म्हणायची तयारी करूनच ती घरून निघाली होती. पण तोंडातून तो शब्द आला नाही.

"जरा सरकून बस, पोरी," खिमुली म्हणाली. "आपली सून आत यायचीय."